अठरा की बत्तीस

टीव्ही बंद पडून आठवडा झाला, तरी नाना रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्यासमोरच बसत. काळ्या काचेत स्वतःचं तोंड बघत बसत. मुलाला, म्हणजे टेलर मास्तरांना ते बघवेना. शेवटी त्यांनीच विषय काढला.

"बत्तीसच्या खाली घ्यायचा नाही," ते बायकोला म्हणाले. "नानांच्या डोळ्यांचा तरी विचार कर."

मास्तरांची बायको बँकेत कॅशियर, म्हणून गल्लीत सगळ्यांच्या कॅशियरबाई. टीव्हीसाठी बाजूला काढून ठेवलेले होते अठरा हजार, आणि मुलीच्या हॉस्टेलची फी महिन्यावर आली होती. त्यांनी ठणकावलं.

"अठरा. त्यावर एक नाही."

"अठरा?" मास्तरांचा आवाज चिरकला. "अगं, अठरा म्हणजे शर्टाचा खांदा! जुना एकवीस होता."

"काहीतरीच काय बोलता? जुना नऊचा होता. मीच आणलाय."

"नऊचा टीव्ही असतो का कुठे?"

"तेव्हा असायचा! आणि तुमचे शर्ट मध्ये आणू नका हो."

मास्तर शिलाई मशीनवर जाऊन बसले. बायको कधीच चिक्कू नव्हती. मग आता हिला नऊचा टीव्ही आठवावा? बँकेत काही झालं असेल का? आपल्यापासून लपवत तर नसेल? या घोरात त्यांनी एका गिऱ्हाइकाची डावी बाही उजवीकडे जोडली. तिकडे बाईंनी नोटांचं एकच बंडल तीनदा मोजलं आणि तीन वेगळी उत्तरं काढली. पडद्यांना टिपा मारणारा हा माणूस बत्तीस आणणार कुठून? कुणाच्या नादी लागला असेल? दोघंही काळजीनं अर्धी झाली, पण एकमेकांना विचारायची हिंमत कुणालाच होईना.

जेवताना ताटांचे आवाज वाढले, तसे नाना वैतागले.

"पंचवीस करा नि मिटवा एकदाचं! मला काय, दिसलं म्हणजे झालं."

दोघांनी मान डोलावली. दोघांनाही आपणच नमतं घेतलंय असं वाटलं. बाईंनी वरच्या सातासाठी ॲडव्हान्सचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला. मास्तर तर आधी माप घेणारे, मग कात्री चालवणारे. बाई बँकेत असताना त्यांनी टीव्हीच्या लाकडी कपाटाचा खण सुताराकडून सव्वीस इंच करून घेतला, तोही त्याला दोन पँट शिवून देण्याच्या बोलीवर.

रविवारी दोघं दुकानात गेली. बाईंनी पर्स छातीशी धरली होती.

"काय दाखवू?" दुकानदारानं विचारलं.

"पंचवीस," दोघंही एकदम म्हणाली.

"पंचवीस इंच, की पंचवीस हजार?"

"इंच!" मास्तर म्हणाले.

"हजार!" बाई म्हणाल्या.

बाई गर्रकन मास्तरांकडे वळल्या.

"अहो, तुम्ही इतके दिवस इंचात बोलत होतात?"

"मग टेलर कशात बोलणार? आणि तू काय, पैशांत?"

"कॅशियर कशात बोलणार?"

दुकानदारानं दोन पावलं मागे सरकत अंदाज घेतला. "बत्तीसचा तेराला देतो," तो म्हणाला, आणि लगेच घाईघाईनं, "बत्तीस इंच. तेरा हजार."

बाई शेजारच्या वॉशिंग मशीनच्या खोक्यावर मटकन बसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. चांगला बत्तीसचा मिळत होता, वर पाच उरत होते, आणि नवऱ्याला कुणाचाही नाद लागलेला नव्हता. त्यांनी तो अर्ज काढून तिथेच फाडला.

"मला वाटलं, तुझी नोकरी गेली," मास्तर हळूच म्हणाले.

"मला वाटलं, तुमची अक्कल," बाई डोळे पुसत म्हणाल्या.

घरी खोकं उघडलं. नाना चष्मा पुसून तयारच होते. मास्तरांनी टीव्ही उचलून कपाटापाशी नेला आणि तसाच धरून उभे राहिले. दुकानातल्या आनंदात खण विसरूनच गेला होता: खण सव्वीसचा, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बत्तीस भरणारा टीव्ही रुंदीला साडेअठ्ठावीसचा. भिंतीवर लावावा, तर घरमालक साधा खिळा मारू देत नव्हता. मास्तरांनी टेप काढून पुन्हा मोजलं. टेपनं काही दया दाखवली नाही.

सुताराला पुन्हा बोलावलं. त्यानं कपाटाला सगळीकडून टकटक केलं.

"बाजूची फळी गेली कामातून. अख्खी बाजू नवी करावी लागेल. आणि या वेळी पँट नको, मास्तर. पाच द्या."

"पाच काय?" दोघंही एका दमात ओरडली.

सुतार दचकून दाराकडे सरकला. "हजार," तो म्हणाला.

तेरा आणि पाच. ही बेरीज करायला कॅशियरबाईंना कागद लागला नाही.

"अठरा," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून हेच सांगत होते मी."

या वेळी मास्तरांनी अठरा काय, ते विचारलं नाही.