मोठे कार्ड चालू करणेबाबत

हौसाबाईंची नवऱ्याबद्दल तक्रार एकच होती: हा माणूस कधी नाही म्हणत नसे, आणि हो म्हणताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं. सुभेदार मल्हारी फौजेत अठ्ठावीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झाले, पालमला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, आणि दुसऱ्याच दिवशी घराचं ऑफिस करून टाकलं. भाजी कुठली करू म्हटलं तरी म्हणायचे, प्रस्ताव ठेव, बघू.

नात अर्पिता कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहत होती. तिच्या लॅपटॉपवर गेम अडखळायचा; शत्रू दिसायच्या आधीच ती मरून पडलेली असायची. आणि रविवारी चारला कॉलेजच्या संघाची ऑनलाइन निवड होती. जागा पाच, मुलींमधून ती एकटी. तिनं आजीला समजावलं, की आत ग्राफिक्सची दोन कार्डं आहेत. लहान आहे ते प्रोसेसरातच बसवलेलं, रोजची कामं करतं. मोठं वेगळं, खास गेमसाठी, ते झोपलंय. सेटिंगमध्ये जाऊन गेमपुढं मोठं निवडलं की झालं.

चौथीत शाळा सोडलेल्या हौसाबाईंना लगेच कळलं. "म्हणजे मोठी शेगडी पेटवायची. त्यात काय एवढं?"

त्यात पासवर्ड होता. लॅपटॉप फौजी कँटीनमधून सुभेदारांच्या नावावर आलेला, म्हणून सेटिंगचा पासवर्ड त्यांच्या ताब्यात.

सोमवारी अर्ज गेला. मंगळवारी शेरा आला: लहान कार्ड उपलब्ध असताना मोठ्याची गरज काय? बुधवारी पोरीनं लिहिलं, लहान पुरत नाही. गुरुवारी सुभेदारांनी तिला प्रेमानं जवळ बसवून सांगितलं, की पुरत नाही असं कुणीही म्हणेल. ते निकामी झाल्याचं बोर्डानं लिहून द्यावं लागतं. बोर्डाला तीन माणसं लागतात. अध्यक्ष ते स्वतः, सदस्य हौसाबाई, आणि तिसरा अर्पिताचा बाप शंभू, जो जोधपूरला ड्युटीवर.

शनिवारी बोर्ड बसलं. शंभूला त्याच लॅपटॉपवरून व्हिडिओ कॉल लावला. चित्र इतकं स्वच्छ, की त्याच्या मिशीतला पांढरा केसही दिसला. सुभेदारांनी निष्कर्ष लिहिला: सदर बैठक लहान कार्डावर सुरळीत पार पडली, सबब लहान कार्ड निकामी नाही. बोर्डाच्या मते अर्ज नामंजूर. शंभू म्हणाला, बिल्कुल बरोबर, आबा. हौसाबाईंची डाळ लागत होती, त्यांनी न वाचता सही केली.

रविवारी साडेतीनला अर्पितानं अपील केलं. अपील वरिष्ठाकडे जातं, आणि त्या घरात सुभेदारांच्या वर कोण, हे दूधवाल्यालाही ठाऊक होतं. हौसाबाईंनी ओल्या हातानंच मंजुरी दिली आणि नवऱ्याच्या खुर्चीमागं जाऊन उभ्या राहिल्या.

वरून हुकूम आला म्हटल्यावर सुभेदारांनी पासवर्ड घातला. पडद्यावर तीन पर्याय उघडले: विजेची बचत, म्हणजे लहान कार्ड; उच्च कार्यक्षमता, म्हणजे मोठं; आणि सिस्टीमला ठरवू द्या. उच्च कार्यक्षमता त्यांनी उभ्या नोकरीत कधी निवडली नव्हती. उद्या लॅपटॉप तापला तर नाव कुणाचं येणार? विजेची बचत निवडली तर रात्री ताट मिळणार नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, तिसऱ्यावर बोट ठेवलं आणि सेटिंग बंद केली.

"मंजूर," ते म्हणाले. "आता सिस्टीम बघेल."

सिस्टीमनं बघितलं. तिलाही भानगड नको होती, तिनं लहान कार्डच लावलं. चार वाजून दोन मिनिटांनी अर्पिता बाद झाली. पाच नावांची यादी आली, त्यात ती नव्हती. पोर रडली नाही. हेडफोनची वायर गुंडाळून ठेवली आणि आत गेली.

सुभेदार फाईलची नाडी बांधत होते. आपल्याकडून तर मंजूरच होतं, एवढं ते भिंतीकडं बघून म्हणाले.

हौसाबाई त्यांच्या समोर येऊन बसल्या.

"अहो, तुमच्या हातून आजवर कुणाचं वाईट झालं नाही, हे मी माहेरीसुद्धा अभिमानानं सांगत आले. आज मागं उभी राहून बघितलं, कसं होत नाही ते. तुमच्या हातून काही होतच नाही. आणि अशालाच आपण सगळे भला माणूस म्हणतो."