पिल्लांच्या समावेशनाची आदर्श कार्यपद्धती

नव्या जिवाला जुन्या कळपात सामावून घेणं ही अत्यंत नाजूक प्रक्रिया आहे, ती घाईत उरकली तर रक्त निघतं, आणि म्हणून तिला वेळ, जागा व सहानुभूती या तिन्ही गोष्टी मुबलक द्याव्या लागतात, याबद्दल सर्व तज्ज्ञांचं एकमत आहे. (तज्ज्ञ अर्थात कोंबड्यांचे.)

हे एकमत दिशाच्या घरात तिच्या नवऱ्याने, हर्षलने आणलं. हर्षल अंबडच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे, आणि दिवसभर बोल्टांचे आटे तपासणाऱ्या माणसाला घरी आल्यावरही काहीतरी तपासायला लागतंच. गंगापूर रोडच्या पार टोकाला, जिथे बंगले संपतात आणि झेंडूचे वाफे सुरू होतात, तिथे त्यांचं घर. घरामागे त्याची आई, सगुणाबाई, वर्षानुवर्षं गावरान कोंबड्या पाळत आलेली. तिची पद्धत अशी : कोंबडी खुडूक बसली की तिच्याखाली अंडी सरकवायची, पुढचं कोंबडी बघेल. यात उद्दिष्ट नव्हतं, आढावा नव्हता, जबाबदार व्यक्तीचं नावसुद्धा नव्हतं. तरीही पिल्लं निघायची आणि मोठी व्हायची, ही गोष्ट हर्षलला फार खुपत असे.

यंदा त्याने मालेगावकडून यंत्रात उबवलेली डझनभर पिल्लं आणली. यंत्राला मायेचा भाग जोडलेला नसतो, त्यामुळे आईचं काम त्याने कार्यपद्धतीवर सोपवलं. कार्यपद्धती त्याने स्वतः लिहिली, प्लास्टिकमध्ये घालून खुराड्यावर टांगली. (कोंबड्यांनी खालचा कोपरा तेवढा टोचून पाहिला. हरकत नोंदवली नाही.)

पिल्लांना पहिले काही आठवडे ऊब हवी म्हणून द्राक्षांचं खोकं, वर पिवळा बल्ब, खाली भाताचं तूस, आणि पहिल्या दिवशी प्रवासाचा शीण जावा म्हणून गुळाचं पाणी, असं ठरलं. खोकं ठेवायचं कुठे, यावर कौटुंबिक बैठक झाली. ते दिशाच्या खोलीत ठेवावं, असं सर्वानुमते ठरलं, कारण तिला सात महिन्यांचं बाळ आहे आणि ती तशीही जागीच असते.

बैठकीत दिशाने मतदान केलं नाही. ती तेव्हा आत बाळाला झोपवत होती.

यानंतर घरातल्या माणुसकीला जो बहर आला, तो पाहण्यासारखा होता. पिल्लांनी ‘चीं’ केलं की सासरे सावळीराम बाजारात न्यायची झेंडूची क्रेट खाली ठेवून बल्ब बघायला येत. धाकटा दीर ज्ञानेश, ज्याने आजवर स्वतःचं ताट उचललेलं कुणी पाहिलं नव्हतं, तो पिल्लांची पाण्याची ताटली दिवसातून दोनदा विसळू लागला. वीज गेली तर इन्व्हर्टर आधी बल्बला. पंखा बाळासाठी होता, आणि बाळाला पुठ्ठ्याने वारा घालता येतो. थर्मामीटर बाळाचाच होता, तो खोक्यात गेला. आकडेवारीच द्यायची तर पिल्लांसाठी उठणाऱ्या प्रौढांचं प्रमाण शंभर टक्के होतं, बाळासाठी उठणाऱ्यांचं वीस. (घरात प्रौढ पाच. उरलेला हिशेब वाचकांनी करावा.)

“आमच्या टायमाला कोंबडीच बगायची समदं,” सगुणाबाई दारातून म्हणाली. “आता दादल्याला बल्ब धरून बसाया लागतंय.”

“आई, ते शास्त्र आहे,” हर्षल म्हणाला.

“आसंल बाबा. कोंबडीला ठावं नसंल त्ये.”

दिशाला पिल्लांचा राग मात्र कधी आला नाही. बाळाला पाजता पाजता ती खोक्यात एक हात सोडून बसायची. बोटांवर पिल्लं कापसासारखी येऊन झोपायची, आणि बाळ दूध सोडून त्यांच्याकडे बघत राहायचं. अशाच एका फावल्या वेळी बाळाला घेऊन परसात गेली असताना तिने खुराड्यावरची ती कार्यपद्धती पहिल्यांदा नीट वाचली. त्यात लिहिलं होतं की नव्याला एकदम कळपात सोडू नये. आधी मध्ये जाळी लावून दोन्ही बाजूंना एकमेकांना बघू द्यावं. दाण्यापाण्याची दोन ठिकाणं करावीत, म्हणजे कुणी नव्याला उपाशी ठेवणार नाही. दमलं तर लपायला आडोसा असावा. आणि एकट्याला कधीही पाठवू नये.

दिशाने हे दोनदा वाचलं. तिला स्वतःचा समावेश आठवला. मांडवातून ती थेट या घरात आली होती. दुसऱ्या सकाळी, मीठ कोणत्या डब्यात आहे हेही माहीत नसताना, तिने पाहुण्यांसाठी पुरणाचा घाट घातला होता. मध्ये जाळी नव्हती. दाण्याचं ठिकाण एकच होतं, आणि तिथे तिचा नंबर भांडी विसळून झाल्यावर लागायचा. आडोसा म्हणून न्हाणीघर होतं, पण तिथेही कुणीतरी कडी वाजवायचं. पुढे बाळ झालं आणि तिची पतसंस्थेतली नोकरीही सुटली, म्हणजे कुणी सोडवली नाही, आपोआप सुटली. (तेव्हा कार्यपद्धती उपलब्ध नव्हती, हे न्यायाने नमूद करायला हवं.)

वैशाखात ज्ञानेशचं लग्न होतं. होणारी नवरी सृष्टी अंबडलाच एका औषधांच्या कंपनीत होती आणि लग्नानंतरही जाणार होती. एके दुपारी तिचा दिशाला फोन आला.

“ताई, खरं सांगा हं. तुमच्याकडे सकाळी आधी कोण जेवतं? म्हणजे माझी बस लवकर असते, म्हणून विचारलं.”

दिशाने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

“तू अजिबात काळजी करू नकोस गं. मी आहे ना.”

हे तिने नुसतं तोंडदेखलं म्हटलं नव्हतं. तिने ठरवलंच होतं, की आपलं झालं ते झालं, या पोरीच्या वाट्याला ते येऊ द्यायचं नाही. सृष्टीने पहिल्या दिवशी पोटभर खाऊन कामावर जायचं. आईंना काय सांगायचं ते आपण सांगू. तिने सृष्टीसाठी एक वेगळं ताटही आणून ठेवलं, मिक्सरच्या मागे.

इकडे पिल्लांना पंख फुटले. जाळीचा टप्पा यथासांग पार पडला. दिवस मावळायच्या बेताला हर्षलने जाळी उचलली आणि सगळं घर परसात जमलं. ज्ञानेश मोबाइल धरून उभा होता. खरी धास्ती होती पाटलीण नावाच्या थोरल्या कोंबडीची. तिच्या चोचीखालून कुणी सुटलं नव्हतं. पाटलिणीने पिल्लांकडे एकदा बघितलं, आणि एखाद्या अध्यक्षीणबाईने निवेदन घेऊन बाजूला ठेवावं तशी मान फिरवून निघून गेली.

धावून आली ती भुरी. भुरी ही कळपातली सगळ्यात शेवटची. सगळ्या तिला टोचत, तिच्या मानेवर पीस उरलेलं नव्हतं, दाणा तिला सगळ्यांचा होऊन राहिला तर मिळे. दिशाचा तिच्यावर फार जीव. शिळा भात ती तिला वेगळा नेऊन घालायची. तीच भुरी मान फुगवून पिल्लांच्या अंगावर गेली आणि एकाच्या डोक्यातून रक्त काढलं.

“अगं भवाने!” दिशा बाळाला कडेवर घेऊनच धावली. “तुला तरी कळायला नको? तू तरी?”

हर्षल कार्यपद्धती वाचत होता. त्यात पाटलिणीसाठी चार उपाय होते, भुरीसाठी एकही नव्हता.

“तिला आत्ता कुटं कुनी खाली गावलंय,” सगुणाबाई पिल्लाच्या डोक्याला हळद लावत म्हणाली. “लय दिस वाट बगितली बिचारीनं.”

दिशाने त्या दिवसापासून भुरीचा भात बंद केला.

लग्न थाटात झालं. सृष्टी आली. पाहुणे गेले, रजा संपली, आणि तिच्या कामाचा पहिला दिवस उजाडला. सावळीराम बाजारात गेले होते, दोघं भाऊ अंघोळीच्या रांगेत होते, सगुणाबाई परसात दाणे टाकत होती. स्वयंपाकघरात दोघी जावा. दिशाने तव्यावर पहिली भाकरी टाकली होती आणि पलीकडे बाळ रडायला लागलं होतं. सृष्टी इस्त्रीचा ड्रेस घालून, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवून आली. तिच्या अंगाला परफ्यूमचा मंद वास येत होता.

“ताई, मी दोन घास खाऊन निघू का? बस चुकेल नाहीतर.”

दिशाने काय बोलायचं ते महिनाभर आधी ठरवलेलं होतं. ताट हाताशी होतं. तिने सृष्टीकडे बघून हसत म्हटलं, अगदी गोड आवाजात :

“खा की गं. नाही कोण म्हणतंय? भाकऱ्या मी थापते. मला काय, मला कुठे बाहेर जायचंय.”

सृष्टीचा हात टोपलीपर्यंत गेलेला होता. तो तिने मागे घेतला. बांगड्या वर सारल्या, ओळखपत्र पाठीवर टाकलं आणि पिठात हात घातला. सगळ्यांच्या भाकऱ्या झाल्या तेव्हा ती उपाशीच धावत निघाली. दिशाने बाळाला उचललं आणि, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, गरम भाकरी खाल्ली. छान फुगली होती.

आवाज चढला नव्हता. रक्त निघालं नव्हतं. परसातून सगुणाबाईने मान वर करून बघितलं सुद्धा नाही, तशी गरजच नव्हती.

संध्याकाळी सृष्टी आली तेव्हा दिशाने तिला आलं घालून चहा दिला, पाय शेकायला गरम पाणी देऊ का विचारलं, आणि हे सगळं तिने मनापासून केलं. नंतर बाळाचे कपडे घड्या करताना तिला भिंतीपलीकडून सृष्टीचा माहेरचा फोन ऐकू आला.

“जेवले गं, जेवले सकाळी. ताई ना? ताई खूप चांगल्या आहेत.”

दिशाला फार बरं वाटलं.

तुमच्या घरात किंवा ऑफिसात अलीकडे कुणी नवीन आलं असेल, तर तुमच्याविषयीही बाहेर अगदी हेच सांगितलं जातं, याची खात्री बाळगा.