टिपरी खार आणि कोठाराचा तराजू

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांचं मिळून एक कोठार होतं. मोठा वणवा विझल्यावर जनावरांनी ते बांधलं. अडीअडचणीला कुणी उपाशी राहू नये, एवढाच हेतू. दारात एक भला थोरला तराजू होता. ज्याचं वजन जितकं, तितकी त्याची मतं. हा नियम ठरला, तेव्हा घाबरलेल्या खारी झाडावरून खाली उतरल्याच नव्हत्या.

एका वर्षी दुष्काळ पडला. टिपरी खारीची दोन पिल्लं भुकेनं रडून रडून गप्प झाली. टिपरी कोठाराचे मुख्य गजराव हत्ती यांच्याकडे गेली.

"गजराव, मूठभर दाणे द्या."

"देऊ की, टिपरीबाई! फक्त आधी शेपटी कापा. ऐपत नसताना एवढी झुबकेदार शेपटी म्हणजे उधळपट्टी."

"अहो, पिल्लं तिच्यातच निजतात! आणि तुमची शेपटी?"

"आमची बारीकच आहे. बघा, जन्मापासून काटकसर!"

टिपरी भडकली. "हा कारभारच बदला! लहानांनाही विचारत जा."

गजराव रागावतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी तर आनंदानं सोंड उंचावली. "सुधारणा हवीच! मीही तेच म्हणतो."

लगेच समिती बसली. बसली ती बसलीच. समितीत गजराव, गवा आणि रानडुक्कर. विचार करायला ताकद लागते, म्हणून समितीचं जेवण कोठारातून. उन्हाळाभर विचार चालला. इकडे टिपरी झाडाची साल चघळून पिल्लं जगवत होती.

शेवटी निर्णय झाला. जुनी वजनं रद्द, सर्वांना नव्यानं तोला! टिपरी नाचतच आली.

गजराव पारड्यात बसले, तर तराजू कडाकडा वाजला. टिपरी बसली, तर काटा हललाच नाही. होतं नव्हतं तेवढं मतही गेलं.

"वजन वाढवा," गजराव मायेनं म्हणाले.

"खायला नाही, तर वाढणार कसं?"

"कोठारातून घ्या."

"मग द्या की!"

"त्याला मतं लागतात."

टिपरीनं मुकाट्यानं शेपटी कापून दिली आणि मूठभर दाणे घेतले. वर समितीचा जाडजूड अहवालही मिळाला, सावरीच्या कापसात गुंडाळलेला. "हा तुमचाच विजय, टिपरीबाई!" गजराव म्हणाले.

घरी दाणे खाऊन पिल्लं आईची शेपटी शोधू लागली. टिपरीनं अहवाल अंथरला. पिल्लं त्यावर गाढ झोपली. टिपरीला मात्र फार रडू आलं.

तात्पर्य : अंथरूण पाहून पाय पसरावेत. अंथरूणच नसेल, तर सुधारणेची मागणी करावी.