भावनेला सभेत मज्जाव

चर्चेत जो रागावेल किंवा रडेल त्याने ओसरीत जाऊन बसायचे, आणि त्या दिवसापुरते त्याचे मत बाद, हा नियम सरपंच शेषरावांनीच केला होता. पंचायती राज नवे होते. पिंपळगाव राजाची सभा विधानसभेहून शिस्तीत चालावी, असे ते सगळ्यांना सांगत. खरे कारण निराळे होते. त्यांची बायको मनकर्णाबाई पंचायतीची सभासद होती, आणि भाजीतल्या मिठावरूनही तिचा आवाज चढे.

त्या दिवशी प्रश्न होता जुन्या चावडीच्या खोलीचा. सोसायटीला कापसासाठी गोदाम हवे होते, मुलींच्या सातवीला वर्ग. शेषराव गोदामाच्या बाजूचे होते.

"कापूस भिजला त गाव काय खाईन?" म्हणत पंजाबरावांनी टेबलावर मूठ आपटली आणि ते ओसरीत गेले. मग शाळा सुटलेल्या लेकीचे नाव घेताना तुळशीरामला हुंदका आला. तोही गेला. आता सरपंच धरून दोन्ही बाजू सारख्याच उरल्या, म्हणजे निकाल सरपंचांच्या जादा मतावर. मनकर्णाबाई उभी राहिली तेव्हा शेषराव निश्चिंत होते.

ती संथपणे म्हणाली, "सरपंचसायेब, कापूस दोन मयने राह्यते, मंग खामगावच्या जिनात जाते. बाकी वर्सभर त्या खोलीत उंदरं राह्यतीन. पोरी त बाराही मयने हायेत."

"अन् ते दोन मयने कापूस कुठी ठेवाचा?"

"तुमच्या बैठकीत. तिथं तुमी अन् पंजाबराव निस्ते पान खात बसता."

सभा हसली. ती हसली नाही.

"घरी कोणाले इचारलं?"

"घरच्या मालकिनीले. ती हो म्हणते."

ही माझी बायको आहे, असे एकेकाला धरून सांगावे, एवढेच शेषरावांना वाटू लागले. बोलायला गेले तर डोळेच भरून आले.

सचिव शालिग्राम खाली मान घालून म्हणाला, "सायेब, नियम."

शेषराव टोपी सावरत बाहेर आले. थोड्याच वेळात आतून निकाल ऐकू आला. एका मताने सातवीचा वर्ग.

"गेलं गोदाम," पंजाबराव कपाळाला हात लावून म्हणाले. "तुमाले काऊन काढलं पण?"

"ते जाऊ द्या," शेषराव डोळे पुसत म्हणाले. "बोलली कशी, आयकलं ना तुमी?"