पन्नास हजार कॅलरी आणि लाल बटण

तीन महिन्यांत पन्नास हजार कॅलरी! बसलात ना? मी समाधान वाघमारे. आडनाव वाघमारे असलं तरी आजवर डासाशिवाय काही मारलेलं नाही. पण कॅलरी मात्र पन्नास हजार जाळल्या. उगाच थापा नाही मारत, रोजचे फोटो आहेत. हवं तर आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाऊन बघा. किंवा नका बघू. तेच बरं.

सुरुवात डॉक्टरांनी केली. रक्ताचा रिपोर्ट माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, "साखर काठावर आहे. वजन ब्याण्णव. तीन महिने देतो. पाच किलो उतरवा, नाहीतर गोळी सुरू."

मी छाती पुढे काढून म्हणालो, "पाच कशाला, आठ उतरवतो!" छाती पुढे काढली तरी पोट तिच्या चार बोटं पुढेच होतं, हे माझी बायको सोनाली हिने घरी आल्यावर सांगितलं.

त्या संध्याकाळी सोनालीने दोन कप चहा केला आणि दोन्हींत साखर घातली नाही.

"तुझ्यात का नाही घातलीस? तुला काय झालंय?"

"अहो, तुम्ही कडू पिणार आणि मी समोर बसून गोड पिऊ? पचेल का मला? तीन महिने आपण दोघंही गोड बंद."

खरं सांगतो, मला भरून आलं. ही बाई अशी, की लग्नात स्वतःच्या वाटणीची जिलबी खाऊन वर माझ्या ताटातली उचलली होती. आणि आज ती माझ्यासाठी साखर सोडत होती! मी तिथल्या तिथे शब्द दिला, की गोड खाणार नाही, बाहेरचं खाणार नाही, आणि रोज खाली जाऊन ट्रेडमिलवर चालेन.

आमची सोसायटी वाघोलीत. क्लबहाऊसमध्ये एक म्हातारी ट्रेडमिल आहे आणि तिच्यावर सेक्रेटरी पटवर्धनकाकांची पाटी. काका नारायण पेठेतून मुलाकडे राहायला आले तेव्हा सामान थोडं आणि स्वभाव भरपूर घेऊन आले. पाटी अशी:

'थांबण्यासाठी पिवळे बटण दाबावे. लाल बटण दाबू नये. ते अडकते. दाबल्यास आपणही अडकाल. — सेक्रेटरी.'

त्यामुळे लाल बटणाला सोसायटीत कुणी हात लावत नसे. पिवळं दाबायचं, उतरायचं. पुढच्याने हिरवं दाबायचं, चालायचं. शिवाय दाराशी एक वही. आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. काकांचा नियम.

आता एक नाजूक बाब. मला चाळिशी लागली आहे. पण जिममध्ये शेजारी विशीतली पोरं वजनं उचलत असताना नाकावर चाळिशी चढवायची म्हणजे काय अब्रू राहिली? ती मी घरीच ठेवायचो. वहीत अंदाजाने सही ठोकायची, हिरवं बटण दाबायचं, दांडी घट्ट धरून अर्धा तास चालायचं, पिवळं दाबायचं, पडद्याचा फोटो काढायचा आणि वर येऊन चाळिशी लावून बघायचा.

पहिल्याच दिवशी आकडा होता पाचशे साठ!

मी स्वयंपाकघरात धावत गेलो. "सोनाली, अर्ध्या तासात पाचशे साठ कॅलरी!"

ती कपाळावरचा घाम पुसत भाकरी थापत होती. "हो का? छान," म्हणाली. मला वाटलं, गॅसजवळ उकडतंय बिचारीला.

तिचं वेळापत्रक ठरलेलं. मी सव्वासहापर्यंत झोपलेला असायचो. तेवढ्यात ती "दूध घेऊन येते" म्हणून खाली जायची आणि आल्यावर मला हलवायची, "अहो, उठा. मशीन आता मोकळं असेल." मशीन मोकळं आहे हे हिला कसं कळतं, हा प्रश्न मला तीन महिन्यांत एकदाही पडला नाही. दूध आणायला पाऊण तास का लागतो, हाही नाही. नवऱ्यांना कोणते प्रश्न पडत नाहीत याची यादी फार मोठी आहे.

ऑफिस माझं खराडीला. शेजारच्या टेबलावर शहाबाज. काडीसारखा सडपातळ, पण खाण्याची जाण दांडगी. चौथ्या दिवशी त्याला मी फोटो दाखवला.

"पाचशे साठ? रोज?" तो म्हणाला. "मग समाधानभाऊ, तुम्ही डबा कसला खाताय? शरीरात काही शिल्लक राहील की नाही? चक्कर येऊन पडाल!"

"डॉक्टरांनी बाहेरचं बंद केलंय."

"अहो, पण ज्या जाळल्या त्या परत भरायला नकोत? एक मिसळ किती असेल? साडेचारशे. धरून चला."

मी धरून चाललो! मिसळ साडेचारशे, वर एकशे दहा उरतात, त्यात एक भजं सहज बसतं. दर शुक्रवारी शहाबाज कोपऱ्यावरून गरम जिलबी आणायचा. पहिल्या शुक्रवारी मी नको म्हणालो. दुसऱ्या शुक्रवारी ट्रेडमिलवर पाच मिनिटं जास्त चाललो आणि दोन कडी खाल्ली. तिसऱ्या शुक्रवारपासून ती पाच मिनिटंही राहिली नाहीत. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात, तशी माझी रोज एकादशी होती. आणि घरचा डबा? तोही संपवायचो. परत नेला असता तर सोनालीने विचारलं नसतं का?

इकडे ग्रुपवर माझा रोज सकाळी फोटो. खाली ओळ, 'घाम गाळा, आजार टाळा!' अंगठे पडायचे, फुलं पडायची. लिफ्टमध्ये लोक जागा द्यायचे. तशी ती आधीही द्यावीच लागायची, पण आता आदराने देऊ लागले.

फक्त घरचा काटा ऐकेना. पहिला महिना ब्याण्णव. दुसरा महिना ब्याण्णव! मी मोबाइलवर वाचून काढलं आणि सोनालीला समजावलं, "याला शास्त्रात पठार म्हणतात. वजन उतरता उतरता एका जागी थांबतं. मी सध्या पठारावर आहे."

"पण अहो, पठारावर पोचण्याआधी थोडे तरी चढ-उतार असतात ना? तुम्ही पहिल्या दिवसापासून पठारावरच आहात," ती म्हणाली. "आणि कासच्या पठारावर निदान फुलं तरी येतात."

पण त्या रात्री भाजी वाढताना ती म्हणाली, "माझंच काहीतरी चुकतंय. उद्यापासून भाजीत दाण्याचं कूट घालणार नाही. तेलही अर्धं करते."

दाण्याचं कूट! ज्या घरात पाण्याशिवाय एक दिवस निघेल, पण कुटाशिवाय निघणार नाही, त्या घरातून माझ्यापायी कूट हद्दपार झालं! त्याच क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मान खाली घालून बिनकुटाची भेंडी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी चव नाही म्हणून मिसळीबरोबर एक पाव जास्त घेतला. लाज वाटते हो सांगायला.

तीन महिने भरायला चार दिवस उरले असताना पटवर्धनकाकांनी मला गेटवर गाठलं.

"वाघमारे, रविवारी सोसायटीचा वर्धापनदिन आहे. 'वजन कसे उतरवावे' या विषयावर आपण दहा मिनिटं बोलावं."

"मी? छे छे, काका!"

"का? बाकी रोज बोलताच की ग्रुपवर."

झालं, मी हो म्हणालो. रविवारी हॉल भरला. मी घामावर बोललो, जिद्दीवर बोललो, पठारावरही बोललो. टाळ्या पडल्या. मी उतरणार, इतक्यात काका म्हणाले, "थांबा. प्रात्यक्षिक राहिलं." आणि दोघा वॉचमननी व्यासपीठावर एक लोखंडी काटा आणून ठेवला.

"हा कुणाचा काटा?"

"रद्दीवाल्याचा. घरचे काटे चढवून दाखवतात अशी आपली तक्रार असते. याच्याबद्दल ती शंका नको. हा काटा आजवर कुणाला जास्त दाखवल्याचं ऐकिवात नाही."

हॉल हसला. मला धीर आला. रद्दीवाल्याचा काटा म्हणजे दहा किलोची रद्दी सात दाखवणार! मी निश्चिंत चढलो. काटा थरथरला, थांबला. काकांनी वाकून वाचलं.

"साडेत्र्याण्णव."

रद्दीवाल्याच्या काट्यावर वजन वाढलेला मी पुण्यातला पहिला माणूस असेन!

"पण काका, मशीन खोटं बोलेल का? रोज पाचशे साठ कॅलरी! फोटो आहेत!"

"आहेत ना," म्हणत काकांनी खिशातून माझ्याच फोटोची मोठी प्रत काढली. "कॅलरी पाचशे साठ. आणि वर वेळ लिहिली आहे, सत्तर मिनिटं. वहीत आपण आलात साडेसहाला, गेलात सातला. अर्ध्या तासात सत्तर मिनिटं कशी चाललात, ते या मंडळींना समजावून सांगा. अवघड आहे, पण आपण वक्ते आहात."

मी आ वासला. वेळ? फोटोत वेळही होती? मी तर कायम एकच आकडा बघत आलो होतो.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला. "काका, त्यातली पहिली चाळीस मिनिटं माझी आहेत."

सोनाली उभी होती.

"मी साडेपाचला खाली येते. चालून झालं की पिवळं बटण दाबून, दूध घेऊन वर जाते. लाल दाबायचं नाही अशी पाटी आहे म्हणून..."

काकांनी वही उघडली. "बरोबर. साडेपाच ते सहा दहा. सौ. वाघमारे. रोज. आणि लगेच खालच्या ओळीत श्री. वाघमारे." त्यांनी वही माझ्यासमोर धरली. मी सवयीने हात लांब करून डोळे बारीक केले. "चाळिशी आणली नाहीत वाटतं?" ते म्हणाले.

तीन महिने मी बायकोच्या सहीखाली सही करत होतो! लाल बटण आकडा शून्यावर आणतं; ते कुणी दाबत नसल्यामुळे रात्री वीज बंद होईपर्यंत मशीन तिच्या आकड्यात माझा आकडा मिळवत होतं, आणि ती बेरीज मी एकटा खात होतो.

"म्हणजे आयत्या बिळावर..." काका म्हणाले आणि थांबले. म्हण पूर्ण करायची गरज नव्हती. हॉलने ती मनातल्या मनात पूर्ण केली.

मी शेवटचा प्रयत्न केला. "तरी अर्ध्या माझ्या होत्याच ना!"

"अर्ध्याही नाहीत. दोनशे चाळीस भरतील. आणि त्याही मशीनच्या मते." काकांनी चष्मा पुसला. "वर कोण उभं आहे, किती वजनाचं आहे, दांडीला लोंबकळतंय की चालतंय, यातलं काही त्याला कळत नाही. मी काल ते रिकामं चालवून पाहिलं. दहा मिनिटांत ऐंशी कॅलरी. कुणाच्या जळल्या, त्याचा तपास चालू आहे."

मग कुणीतरी सोनालीला काट्यावर बोलावलं. ती नको नको म्हणत चढली. तिचं वजन सहा किलो उतरलं होतं. रद्दीवाल्याच्या काट्याने मारलेले दोन सोडले तरी चार. टाळ्या अशा पडल्या, की माझ्या भाषणाला पडलेल्या टाळ्या मला सौजन्याच्या वाटू लागल्या.

घरात आल्यावर मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? जमेल की नाही माहीत नव्हतं. जमल्यावर सांगणार होते. गाजावाजा करायला घरात एक माणूस पुरे." ती खुर्चीत बसली. "मला फक्त एक सांगा. डबा तर रोज रिकामा यायचा. मग वजन वाढलं कशाने?"

मी सगळं सांगितलं. मिसळ, भजी, जास्तीचा पाव. ती ऐकत होती. शेवटी, अगदी हळू आवाजात, शुक्रवारची जिलबी.

तिने माझ्याकडे बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"गोड होती?" तिने विचारलं.

तीन महिने तिने साखरेचा कण तोंडात घातला नव्हता. पहाटे उठून ती चालली आणि तिच्या चालण्याची जिलबी मी खाल्ली. हॉलमध्ये अब्रू गेली तेव्हा वाटली नव्हती, इतकी लाज मला त्या दोन शब्दांनी वाटली. मी खाली मान घालून म्हणालो, "चुकलो मी, सोनाली."

"हं," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. बिनसाखरेचा. दोन कप.

गुरुवारी डॉक्टरांनी गोळी सुरू केली. सोनालीचे चार किलो ऐकून म्हणाले, "वा! वाघमारे, मी सांगितलं होतं तुम्हाला, आणि ऐकलं यांनी!"

आता आम्ही दोघं साडेपाचला उतरतो. आधी मी चालतो, मग ती. उलट्या क्रमाने चालायला आता तिची परवानगी नाही. काकांनी लाल बटण दुरुस्त करून घेतलं. जुनी पाटी काढली आणि तिच्या जागी नवी लावली:

'ज्याने जाळल्या, त्यानेच खाव्यात. — सेक्रेटरी.'

पाटीवर कुणाचंही नाव नाही. पण वाचून झालं की लोक माझ्याकडे बघतात. मीही रोज चढण्याआधी ती वाचतो. चाळिशी लावून.