बाईंचा शब्द अंतिम

वृद्धसेवा केंद्राने व्यक्तिकेंद्रित शुश्रूषेचे धोरण स्वीकारले, तेव्हा कोपऱ्यातल्या खोलीतील निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना मधुमेह होता आणि तो आहे याचा विसरही पडलेला होता. धोरण सोपे होते. रुग्णाच्या बाबतीत रुग्णाचाच शब्द अंतिम.

"बाई, नाश्ता झाला ना?" रिकामी ताटली उचलता उचलता सिस्टरने विचारले.

"कुठला नाश्ता? सकाळपासून पोटात कण नाही."

दुसरा नाश्ता आला. बाईंनी तोही मन लावून खाल्ला आणि थोड्या वेळाने इथे माणसांना उपाशी मारतात, अशी तक्रार केली. सिस्टर मेट्रनकडे गेली.

"मॅडम, मी माझ्या हाताने रिकामी ताटली उचललीय त्यांची."

"ते तुमचं मत झालं," मेट्रन म्हणाल्या. "त्यांचा अनुभव वेगळा आहे. आपण अनुभवाचा आदर करतो."

तिसऱ्या नाश्त्यानंतर बाईंच्या रक्तातली साखर भलतीच चढली. सिस्टर इन्शुलिन घेऊन आली, तर बाई म्हणाल्या, "अगं, मघाशीच टोचलंस की." त्यामुळे इन्शुलिन दिले गेले आहे, असे ठरले. संध्याकाळकडे बाईंना ग्लानी आली. विश्रांती घेण्याच्या त्यांच्या निर्णयाचा मान राखून केंद्राने दार लोटून घेतले.

सिस्टरला राहवेना. तिने परस्पर डॉक्टरांना बोलावले आणि बाईंना रुग्णालयात हलवायला लावले. बाई वाचल्या. रुग्णाचे मत डावलल्याबद्दल सिस्टरची रवानगी प्रशिक्षणाला झाली. विषय होता, 'ऐकून घेण्याची कला'.

मुलगा तणतणतच आला. "जिला सकाळचं दुपारी आठवत नाही, तिच्या शब्दावर तुम्ही विसंबलात?"

"आम्ही सगळ्याच बाबतीत विसंबतो," मेट्रन शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही दर आठवड्याला भेटायला येता, हेही त्याच सांगतात. म्हणून तर यंदाचे आदर्श नातेवाईक तुम्ही. फोटो दाराशीच लावलाय."

मुलगा वर्षभराने आला होता. तो उठून दाराशी गेला, फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला आणि खाली मान घालून परत आला.

"आई तशी पहिल्यापासूनच शब्दाची पक्की," तो म्हणाला.

तक्रार तिथेच मिटली. केंद्रात भेटीची वेळ संध्याकाळची असते. आपलेही कुणी तिथे असेल तर उगाच धावपळ करू नये. आपण कालच येऊन गेलात.