उत्तम मौनाचा मान

एका जंगलात, पोरांनो, आवाज फार झाला होता. म्हणजे तिथल्या चितळांना तसं वाटायला लागलं होतं. आधी वाटत नव्हतं. कुणीतरी सांगितल्यावर वाटायला लागलं.

सांगणारं होतं एक कासव. डोंगरापलीकडच्या तळ्यातून आलेलं. नाव कूर्मानंद. कुठं खुट्ट झालं की कूर्मानंद डोकं आत घ्यायचे आणि म्हणायचे, "शांती आत आहे." पाठीवर एवढी जाड ढाल असली की शांती आतच असणार. पण हे त्यांना कुणी बोललं नाही. महाराजांना कोण बोलणार?

त्याच जंगलात भागाक्का नावाची म्हातारी वानरीण राहायची. उंबराच्या शेंड्यावर तिची जागा. वानरांनी वरून फळं टाकायची, चितळांनी खाली ती खायची, आणि बिबट्या दिसला की वानरांनी 'खॅक् खॅक्' ओरडायचं. मग चितळं पळणार. हा तिथला वाडवडिलांपासूनचा रिवाज. भागाक्काचा आवाज असा, की ऐकून दगडानंही पळावं.

एक दिवस सुगंधा नावाची हरिणी झाडाखाली येऊन म्हणाली, "अक्का, राग नका मानू. पण तुम्ही ओरडलात की माझ्या छातीत धडधडतं."

"धडधडतंय ना? मग जिवंत आहेस. न धडधडणाऱ्या पुष्कळ पुरल्यात मी."

"आम्ही सगळे मौनशिबिराला जातोय. ठिपक्यालाही नेतेय. तुम्ही पण चला. बरं वाटेल."

ठिपक्या म्हणजे तिचं पाडस. जन्मल्यावर पहिलं उंबर त्यानं भागाक्काच्या हातचं खाल्लं होतं. म्हातारी मुकाट्यानं खाली उतरली.

शिबिराचे नियम कडक. बोलायचं नाही. खुणा करायच्या नाहीत. कुणी कुणाकडे बघायचं नाही. मान खाली आणि कान पाडून बसायचं. आता चितळानं कान पाडायचे म्हणजे काय राहिलं, सांगा! भागाक्का झाडावर चढायला लागली, तर कूर्मानंद म्हणाले, "भगिनी, उंच बसणं हा अहंकार." बसली बिचारी धुळीत. एकमेकांच्या उवा काढायलाही बंदी. ती म्हणे आसक्ती.

गोचीड चावला तरी खाजवायचं नव्हतं. "चावणं येतं, चावणं जातं. नुसतं बघा," असं कूर्मानंद सांगत. भागाक्कानं बघितलं. चावणं गेलं नाही. गोचीडही गेला नाही. उलट त्यानं आपलं बिऱ्हाड आणलं.

संध्याकाळी जेवण नाही. पोटात कावळे ओरडायचे, तेवढेच काय ते ओरडायचे. आणि मौनावर कूर्मानंद बोलायचे. सकाळी बोलायचे, दुपारी बोलायचे, मावळतीला तर फारच बोलायचे.

शिबिराला बिबटराव पण आले होते. अंगावर पट्टे नाहीत, चांगले ठिपके. भागाक्कानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "हा कशाला?"

"भगिनी, इथं कुणाला भूतकाळ नसतो," कूर्मानंद म्हणाले.

"भूतकाळ नसेल. दात आहेत ना?"

तेव्हा सुगंधानं हात जोडावेत तसं तोंड केलं. "अक्का, तुम्हाला माझी शप्पथ. इथं एकदा जरी ओरडलात, तर आमचा कळप पुन्हा तुमच्या झाडाखाली येणार नाही."

भागाक्का गप्प बसली. तिला दुसरा कळप नव्हता.

बिबटराव मात्र साधकांत हिरा निघाले. हलत नव्हते, खाजवत नव्हते, श्वासाचाही आवाज नाही. रोज ध्यानाला ते एक एक ओळ पुढं बसायचे. कूर्मानंद सगळ्यांना म्हणाले, "बघा, हे साधनेत पुढं चाललेत."

एका दुपारी पुढं जाता जाता ते ठिपक्याच्या मागं येऊन बसले.

सगळ्यांचे डोळे मिटलेले. भागाक्काचा एकच मिटलेला होता. तिला बिबटरावांच्या शेपटीचं टोक दिसलं. ते हलत होतं. मागचे पाय पोटाखाली गोळा झाले. म्हातारीनं सुगंधाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ती शांती होती. आता ओरडलं की कळप गेला. नाही ओरडलं की पोर गेलं.

"खॅक्! खॅक् खॅक्!"

कान पाडलेले होते, पण पाय जुनेच होते. चितळं धूळ उडवत पळाली. ठिपक्याच्या ढुंगणावर पंजाचा एक ओरखडा उठला, बाकी काही नाही.

सगळे परत जमल्यावर न्यायनिवाडा झाला. भागाक्काचा, दुसऱ्या कुणाचा?

"माझं ध्यान अगदी लागत आलं होतं हो!" सुगंधा रडली.

"पोराचं ढुंगण बघ आधी!"

"तो आतला विकार बाहेर आलाय," कूर्मानंद म्हणाले. मग त्यांनी बिबटरावांकडे मान वळवली. "तुमच्यावर एवढा आरोप झाला. तुम्हाला काही सांगायचंय?"

बिबटराव काही बोलले नाहीत.

"बघा!" कूर्मानंदांचे डोळे पाणावले. "आरोप होऊनही मौन सोडलं नाही!"

उत्तम मौनाचा मान बिबटरावांना मिळाला. गळ्यात रानजाईची माळ पडली. पुढच्या बालशिबिराची जबाबदारीही त्यांच्यावरच आली. भागाक्काला हाकलून दिलं.

ती गेली, पण लांब नाही. शिबिराच्या कुंपणाला लागून एक अर्जुनाचं झाड होतं, त्याच्या शेंड्यावर जाऊन बसली. बालशिबिराची पाडसं डोळे मिटून बसली, बिबटरावांनी पाय गोळा केले, की हिचं सुरू. एक ध्यान धड होऊ दिलं नाही. बिबटराव वाळले आणि शेवटी कंटाळून दुसऱ्या जंगलात शिकवायला गेले. तिथं म्हणे शिबिरं फार शांत होतात. परत कुणी तक्रार घेऊन येत नाही.

ठिपक्या मोठा झाला. त्याला शिंगं फुटली, बायको झाली, पोरं झाली. ढुंगणावरचा वण पोरांना दाखवत तो आजही सांगतो, "त्या अर्जुनावरच्या म्हातारीनं आमची साधना बिघडवली."

आणि भागाक्का वरून त्याच्या पोरांना फळं टाकते.

तात्पर्य: पोरांनो, शिबिरात ओरडू नये. ओरडल्यानं जीव वाचतो, आणि वाचलेले लोक जन्मभर नावं ठेवतात. न ओरडणाऱ्याला कुणीच नावं ठेवत नाही. ठेवायला उरत नाही.